मोठेबाबांचे कार्ब बंद

रोडग्यांच्या पंगतीत स्वतःचा डबा घेऊन बसणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप आणि सोबत वांग्याची तिखट भाजी. आमच्या वऱ्हाडात या जेवणाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर रुसलेला. मोठेबाबा दोन्ही नव्हते. वाढणारा जवळ आला की ते पत्रावळीवर दोन्ही हात पसरायचे आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "रोडगा नको बापा. आपले कार्ब बंद हायेत."

मग पिशवीतून स्टीलचा डबा निघायचा. त्यात उकडलेली फुलकोबी. तूप मात्र ते मागून घ्यायचे. "तुपाले मनाई नाई. सोड, सोड, हात कायले आखडतं?"

यातली गंमत अशी की मोठेबाबांच्या अंगावर कमी करण्यासारखं काहीच नाही. खुंटीला टांगावा तसा सदरा त्यांच्या खांद्यांवर लटकतो. हा माणूस वजन उतरवण्याचा आहार पाळतो हे ऐकून लोक आधी हसायचे, मग त्यांच्याकडे नीट बघून विषय बदलायचे.

आमची दोन घरं शेलूबाजारच्या बाहेर, एका भिंतीला लागून आहेत. मागे ओलिताचं वावर. मोठेबाबा त्यात भाजीपाला लावतात आणि बाजारात नेऊन विकतात. मी घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते. बोलते कमी, म्हणून लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे घरात माझा उपयोग एकच, औषधांच्या पाकिटावरचं वाचून दाखवणं. एक दिवस मोठेबाबा मोबाईल घेऊन आले. पडद्यावर एक गोरा माणूस अंडी फोडत होता.

"हा काय म्हनून राह्यला, सांग बरं."

मी सांगितलं. भाकरी, पोळी, भात, साखर, बटाटा या सगळ्यांत कार्ब असतात. शरीर आधी तेच वापरतं. ते फार कमी केले की शरीर चरबी वापरायला लागतं. चरबीपासून यकृतात कीटोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि शरीर त्यावर चालतं, म्हणून हा कीटो आहार. पालेभाज्या, फुलकोबी, पनीर, अंडी, तूप चालतं. सुरुवातीला डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे भाकरीबिगर मानूस मरत नाई?"

"नाही मरत."

"हे पक्कं लिवलेलं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी सांगितलेलं सगळं त्यांचं स्वतःचं झालं होतं. ओसरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत होते. "हे पाह्य, विहिरीवर आपली मोटर हाय. लाईन असली का मोटर चालते. लाईन गेली का आपन काय करतो? डिझलचं इंजिन लावतो. तसं अंगात भाकरीची लाईन हाय. ते कापली का चरबीचं इंजिन सुरू."

"पन मोठेबाबा, तुमच्या टाकीत डिझल कुटी हाय?" कोणीतरी म्हणालं.

"मनून तर वरून तूप टाकून राह्यलो ना, लेका!"

नियमही त्यांनी सोपा केला होता. जमिनीवरचं खाचं, जमिनीखालचं इकाचं. त्यामुळे गाजर, बीट, कांदे बाजारात जायचे आणि मेथी, पालक, फुलकोबी घरात यायची. बाजारात धनजच्या एका शेतकऱ्यानं त्यांच्या तोंडून कीटोचं नाव ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "किटो? हे औषद कोन्या अळीवर चालते? पंपाले किती टाकाचं?" मोठेबाबांनी त्याला तासभर समजावलं. जाताना तो सोबत असलेल्या माझ्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या भावाले एखांद्या चांगल्या डाक्टरले दाखवा."

डॉक्टर आमच्या घराला नवा नव्हता. त्याआधी काही महिने मोठाईला, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोला, लकव्याचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं संथ झालं. मोठाई म्हणजे या घराची चूल. तिची ज्वारीची भाकरी इतकी पातळ असायची की पाहुणे ती आधी उजेडात धरून बघायचे. दवाखान्यातून आल्यावर आई दोन्ही वेळा आमच्याकडून भाकरी पाठवू लागली. मोठाई त्या ताटाकडे बघायची आणि तोंड फिरवायची. आईनं किती वेळा विचारलं असेल, "काहून खात नाई वं बाई?" एकदाच उत्तर आलं, "माह्या घरात दुसरीची भाकर आली. आता मी कायले खाऊ?"

ती खरंच खात नव्हती. गोळ्या रिकाम्या पोटी जायच्या आणि उलटून पडायच्या. अशी राहिली तर हात सोडा, बाई राहणार नाही, असं वाशीमच्या डॉक्टरांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं. मोठेबाबा मोबाईल घेऊन माझ्याकडे आले ते त्याच आठवड्यात.

हे मला लगेच जुळवता आलं नाही. मला फक्त दिसत होतं की ते कार्ब समजावताना समोरच्या माणसाकडे बघत नाहीत. ओसरीवर दोन खाटा आहेत, पण ते आतल्या खोलीच्या दाराजवळच्या खाटेवरच बसायचे, तोंड दाराकडे करून. आत मोठाई पडलेली असायची. "भाकर म्हंजे निरी साखर!" ते ओरडायचे. "आपन उगीच येवढी वर्सं बायायले चुलीपाशी जाळलं. शहरातले शिकलेले लोक आता भाकरीले हात लावत नाईत. इचारा आमच्या पोरीले!" मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची.

त्या घरात भाकरी बंद झाली. ताटात फक्त भाजी, तूप, कधी पनीर. ती भाजी मोठेबाबा स्वतः करायचे, बरी नसायची. पण त्या ताटात दुसरीची भाकरी नव्हती. मोठाई डाव्या हातानं चमचा धरून जेवू लागली.

धनजला एका लग्नात वडील त्यांना हळूच म्हणाले, "दादा, इथं कोन पाहून राह्यलं? एक पोई खाऊन घे. निरा काडी झाला तू."

मोठेबाबांनी डब्याचं झाकण काढलं. "घरी गेलो का तुही वहिनी माह्या तोंडाकडं पाह्यते. पोट भरून धापलेल्या मानसाचं तोंड लपत नाई, बापू."

पुढे डॉक्टरांनी मोठाईला उजव्या हाताचा व्यायाम म्हणून कणकेचा गोळा दाबायला सांगितला. मोठेबाबा भिंतीपलीकडून ओरडून मला विचारते झाले, "दाबल्यानं कार्ब लागत नाईत ना वं?" मोठाईला गव्हाची कणीक नको होती. "ज्वारीचं पीठ आना," एवढंच म्हणाली. मग ती रोज भिंतीला टेकून परातीत पीठ मळत बसायची. बोटं वळायची नाहीत, तळवा तेवढा दाबायचा. आम्हाला वाटलं, व्यायाम चालू आहे.

एका दुपारी रिठदचे एक पाहुणे आले. चांगले जाडजूड गृहस्थ. त्यांना कीटोबद्दल खरंच शिकायचं होतं. मोठेबाबांना असा विद्यार्थी कधी मिळाला नव्हता. मोटर झाली, इंजिन झालं, मीठपाणी झालं. मी पाण्याचे पेले ठेवायला गेले होते. पाहुणे म्हणाले, "मंग अर्धी भाकर बी चालत नाई?"

"अर्धी? तुकडा नाई! तुकडा खाल्ला का इंजिन बंद!"

तेवढ्यात आतून जळाल्याचा वास आला आणि दारात मोठाई दिसली. चौकटीला खांदा लावून, डाव्या हातात ताटली. ताटलीत भाकरी होती. एका बाजूला जाड, कडा फाटलेल्या, मधे काळा डाग. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

"खा," ती म्हणाली.

मोठेबाबा ताटलीकडे बघत राहिले. नाही म्हणावं तर इतक्या महिन्यांची ती बोटं वाया जाणार होती. हो म्हणावं तर ते रोज कोणासाठी ओरडत होते हे उघडं पडणार होतं. पाहुण्यांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "आता हे चालते का?"

मोठेबाबांनी माझ्याकडे बघितलं. इतका घाबरलेला मोठा माणूस मी कधी पाहिला नव्हता. "विंग्रजीत काही सूट असन ना वं? एखांदा दिवस?"

"असते," मी म्हणाले. "चीट डे म्हणतात."

"म्हंजे काय व्हय?"

मला मराठी शब्द एकच सुचला आणि तो तोंडातून निघूनही गेला. "फसवायचा दिवस."

"कोनाले फसवाचं?" पाहुणे हसले.

मोठाई हसली नाही. तिला एकेक शब्द ओढून आणावा लागतो. "रोजच तर हाय," ती म्हणाली. "यायनं फसवलं. मी फसून घेतलं. यायच्या पोटात अन्न जावं मनून." ताटली तिनं खाटेवर ठेवली. "मी जेवली नसती तं हे बी जेवले नसते."

मोठेबाबांनी भाकरी मोडली. आतून कच्ची होती, पीठ बोटांना चिकटत होतं. ते ती कोरडीच खात राहिले, शेवटच्या कडेपर्यंत. मोठाई चौकट धरून बघत होती. पाहुणे टोपी उचलून केव्हा निघाले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मला वाटलं होतं, आता रोज एक भाकरी होईल आणि रोज थोडी बरी होईल. तसं झालं नाही. त्या कष्टानं मोठाई आठवडाभर पडून राहिली. हात आला तेवढाच आला, याहून जास्तीची आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. मोठाईनं परात धुऊन पालथी ठेवायला सांगितली. ती मीच ठेवली.

ते दोघं अजून तसंच जेवतात. मोठेबाबा आणखी वाळले आहेत. ओसरीवर आता कार्बांचं भाषण होत नाही. ऐकवायचं जिला होतं तिला सगळं माहीत आहे. परवा कोणीतरी कीटो काय असतं म्हणून विचारायला आलं. मोठेबाबा दाराजवळच्याच खाटेवर होते. आवाज त्यांनी चढवला नाही आणि उतरवलाही नाही.

"काई नाई बापा. बुढीचा हात चालत नाई. दुसऱ्याच्या हातची भाकर आमच्या गळ्याखाली उतरत नाई. बस."

मी मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं केलं. मग आतून एकेक शब्द आला.

"भाजी थंडी होऊन राह्यली. या."