चाकांचा ब्लोअर आणि ऑरिनचं गुपित

यंत्र सुरू करण्याआधी ऑरिन टटल त्याच्याभोवती एक फेरी मारायचा. आयुष्यभर शाळेची बस चालवली, तेव्हा रोज सकाळी टायर, दिवे, आरसे बघत बसभोवती अशीच फेरी व्हायची. बस गेली, फेरी राहिली. आता तो आमच्या चर्चचं आवार सांभाळत होता आणि बसच्या जागी पानं उडवायचा चाकांचा ब्लोअर आला होता. गवत कापायच्या यंत्रासारखा ढकलत न्यायचा, पुढे गोल डबा, डब्यात पंखा, आणि बाजूच्या तोंडातून असा वारा की ओल्या पानांचा ढीग निमूटपणे कुंपणाला जाऊन टेकायचा.

नोव्हेंबरात ऑरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि मेपलची पानं त्याच्या गुडघ्यासाठी खोळंबणार नव्हती. म्हणून आमच्या पास्टर लोइस हॅडम स्वतःच यंत्र शिकायला उभ्या राहिल्या.

"आधी तो स्कार्फ काढा," ऑरिन म्हणाला.

"मला उन्हातही गार वाटतं हो."

"पंख्यालाही गार वाटत असेल. तो ओढून घेईल."

स्कार्फ निघाला. मग ऑरिनने त्यांना आवारभर हिंडवून दगड, काटक्या वेचायला लावल्या, कारण पंख्याच्या वाऱ्यात खडा सापडला तर तो गोळीसारखा सुटतो. पेट्रोल इंजिन गार असतानाच भरायचं, आणि तेही उघड्यावर, हे दोनदा सांगितलं.

"यंत्राचं तोंड कुणाकडेही करायचं नाही. माणूस, कुत्रा, खिडकी."

"आणि समोरचं मेथडिस्ट पंथाचं चर्च?"

"मोह होतो," ऑरिन म्हणाला. "पण नाही."

शेवटी दोघांच्याही डोळ्यांना मोठा चष्मा, कानांत रबरी बोंडं आणि वरून जाड झाकणं. झाकणांबाबत ऑरिनचा नियम कडक होता. यंत्राला शेडमध्ये घालून कुलूप लावेपर्यंत ती कानांवरून हलवायची नाहीत. मध्येच काढली की माणूस ती गवतावर ठेवतो आणि थोड्या वेळाने त्यांच्यावरूनच यंत्र नेतो.

पास्टरबाईंनी अर्धं आवार छान साफ केलं. मग वाऱ्याचा जोर कमी झाला. हवा ओढायच्या जाळीवर ओली पानं चिकटली होती. ऑरिनने हाताने खूण केली. इंजिन बंद. प्लगवरची टोपी काढून बाजूला. पंखा पूर्ण थांबेपर्यंत दोघंही बाजूला उभे राहिले. मग ऑरिन काठीने जाळी खरवडायला लागला आणि पास्टरबाईंना शनिवारची आठवण झाली.

शनिवारी ऑरिनची बायको व्हर्ना सत्तर वर्षांची होणार होती. तिला न सांगता चर्चच्या हॉलमध्ये मेजवानी द्यायची, असं ऑरिनने ठरवलं होतं. वीस-पंचवीस निवडक माणसं, बाकी कुणाला सुगावा नको. आतापर्यंत त्याने ते इतकं गुप्त ठेवलं होतं की पास्टरबाई सोडून अजून कुणाला आमंत्रणही गेलं नव्हतं.

"शनिवारी सहाचंच ना?" पास्टरबाई ओरडल्या. यंत्रापाशी ओरडायची सवय लागली होती, आणि बोंडं, झाकणं घातलेल्या कानांना यंत्र बंद झाल्याचा उपयोग नव्हता.

"सहा," ऑरिन तिप्पट आवाजात ओरडला. "व्हर्नाला पत्ता नाही."

"हार्लनला बोलावलंय का?"

"हार्लन प्रुइटला? छे. तो आला की गातो."

आमच्या गावाच्या मधोमध हिरवळ आहे. तिच्या एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला वाचनालय, कोपऱ्यावर हार्लन प्रुइटचं दुकान आणि सभोवार घरं. आमच्या व्हरमाँट राज्यात ऑक्टोबरात क्वचित मिळणारी उबदार दुपार होती. वारा पडलेला, खिडक्या सताड उघड्या. आपण का गातो, किती वाईट गातो आणि मागच्या नाताळात आपल्या गाण्याने कुणाचं बाळ उठून बसलं, हे सगळं हार्लनने दुकानाच्या दारात उभं राहून ऐकलं. त्यापाठोपाठ आणखी सात-आठ जणांना का बोलवायचं नाही हेही गावाने ऐकलं, कारण पास्टरबाई एकेक नाव विचारत होत्या आणि ऑरिन सविस्तर उत्तरं देत होता.

वाचनालयाच्या पायरीवर दोघी बायका पुस्तकांचं खोकं घेऊन उभ्या होत्या. एक ग्रंथपाल विनिफ्रेड कोल, दुसरी व्हर्ना. विनिफ्रेडने आवाज बुडवण्यासाठी खोकं हातातून सोडून दिलं. पण पुस्तकं पडून पडून किती वेळ पडणार?

"विनी," व्हर्ना शांतपणे म्हणाली, "मला काही ऐकू आलेलं नाही."

"मलाही नाही."

"पंचवीस जणांचं जेवण म्हणाला तो. आता किती येतील?"

विनिफ्रेडने हिरवळीभोवती नजर फिरवली. "जेवढ्या खिडक्या उघड्या आहेत तेवढी घरं धर."

त्या संध्याकाळपासून ऑरिनला कळेना की गावाला झालंय काय. टपाल आणायला गेला, तर शेजारचे डॉक्टर शनिवारी सहाला आपण अगदी मोकळे आहोत असं सांगून गेले. दुकानात हार्लनने त्याच्यापुढे दुधाची बाटली ठेवली आणि म्हणाला, "मी घसा बसलाय असं समजून चालतो. मग तर चालेल?"

"कशाला?"

"शनिवारला."

ऑरिनला नाही म्हणवेना. ज्याला त्याला तो "या, या" म्हणत सुटला आणि बुधवारी पास्टरबाईंना गाठून म्हणाला, "तुम्ही कुणाला बोललात का?"

"मी? मला वाटलं तुम्हीच बोललात."

"मी कशाला बोलेन? मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

तिकडे व्हर्ना रोज दुपारी "विनीकडे पुस्तकं लावायला जाते" म्हणून बाहेर पडत होती. ऑरिनला हे फारच सोयीचं वाटलं. "जा की, आणि सावकाश ये," असं तो स्वतःच म्हणायचा. विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात व्हर्ना स्वतःच्याच गुप्त मेजवानीसाठी चिकन शिजवत होती, भट्टीत भाजायच्या 'चिकन-पाय' या पदार्थावर लावायचे मऊ पिठाचे गोळे थापत होती, लाल भोपळा घोटत होती. शेजारच्या बायका कढया घेऊन मागच्या दाराने यायच्या. मध्येच सगळ्या मिळून व्हर्नाकडून आश्चर्याचा सराव करून घ्यायच्या.

"असं नको," विनिफ्रेड म्हणाली. "हे बघून डॉक्टर धावत येतील. जरा आनंदी हो."

शुक्रवारी दार वाजलं आणि बाहेरून ऑरिनचा आवाज आला. व्हर्ना पिठाच्या हातांनी कोठीच्या खोलीत शिरली.

"विनिफ्रेड, मी संकटात आहे," ऑरिन म्हणाला. "पंचवीसचे ऐंशी झालेत. तुझ्याच्याने चार-दोन चिकन-पाय होतील का? व्हर्नाला मात्र कळू देऊ नकोस. कुठे आहे ती?"

"पुस्तकांत," विनिफ्रेड म्हणाली. "डोकं वर काढायला फुरसत नाही तिला."

"छान. तिला गुंतवून ठेव."

शनिवारी संध्याकाळी विनिफ्रेडने हॉलचा दिवा बिघडल्याचं सांगून व्हर्नाला बोलावलं. दिवा बघायला व्हर्ना निळा रेशमी पोशाख आणि मोत्यांची माळ घालून आली, पण ऑरिनला त्यात काही वावगं दिसलं नाही. अंधारात ऐंशी माणसं श्वास रोखून उभी होती. दिवे लागले, सगळे ओरडले, आणि व्हर्नाने तोंडावर हात नेला. काय सुरेख नेला! मेथडिस्टांकडचे दोघं तिथे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण समोर उभ्या ऑरिनचा चेहरा आनंदाने लाल झालेला बघून तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा सराव कुणी करून घेतला नव्हता.

सगळ्यांना पोटभर पुरलं, उरलंही. व्हर्नाने हार्लनला गायचा आग्रह केला. बसलेला घसा लगेच सुटला. ऑरिनने दुसऱ्यांदा चिकन-पाय वाढून घेतला, चवीने खाल्ला आणि बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, "विनिफ्रेडने चांगला केलाय. पण तुझ्या हातची सर नाही."

"असं कसं," व्हर्ना म्हणाली. "मला तर अगदी माझ्यासारखाच लागला."

"तुला आपल्या हातची किंमतच नाही."

घरी जाताना हिरवळीवर पुन्हा पानं पडायला लागली होती. ऑरिन गुडघा सांभाळत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालला होता.

"गावभर झालं ते पास्टरबाईंमुळे," तो म्हणाला. "बाई चांगल्या आहेत, पण पोटात काही राहत नाही. तुझ्यापर्यंत मात्र मी काही पोचू दिलं नाही. खरं सांग, काही कानावर आलं होतं?"

व्हर्नाने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

"एक शब्दसुद्धा नाही," ती म्हणाली.