लांजेवारांचा उजेड

नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी बाराच्या टळटळीत उन्हात, "उजेड कमी पडून राहिला जी," असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मधुकरराव लांजेवार. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, गळ्यात कॅमेरा. समोर अंबाझरीचं पाणी असं चकाकत होतं की आम्हा बाकीच्यांना डोळे उघडवत नव्हते. खरं तर आमचा फोटोग्राफीचा वर्ग रविवारी सकाळचा; पण लांजेवारांनी एकदा शंका विचारायला सुरुवात केली की बारा वाजायचेच. आम्ही सावली शोधत असायचो आणि हे गृहस्थ उजेड.

लांजेवार माझे शेजारी. जरीपटका वस्तीच्या बाजूला आमच्या लेआउटमध्ये त्यांच्या-माझ्या घराची भिंत एकच आहे. त्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात झाली, संसारही तिथल्याच कॉलनीत. निवृत्त झाल्यावर ते आणि पुष्पाताई इथे राहायला आले. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मला ते गुरुजी म्हणतात. फोटोग्राफीच्या वर्गात मी नाव घातलं ते बायकोनं 'दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसू नका' असं बजावल्यामुळे. लांजेवारांना कारण विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, जिंदगीभर लोकाइच्या घरी उजेड पाठवला. आता म्हटलं आपल्या घरी थोडा आणून पाहू." माणूस हौशी दिसतो, एवढंच मला तेव्हा वाटलं.

आम्हाला शिकवायच्या नेहा मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खाली एक बारीक पट्टी असते. मधे शून्य. काटा डावीकडे गेला की फोटो काळा, उजवीकडे गेला की पांढरा. शून्याच्या आसपास राहा, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसरं सांगितलं, की माणूस फोटोच्या मधोमध ठोकळ्यासारखा ठेवू नका, जरा बाजूला घ्या. लांजेवारांनी मान डोलावत दोन्ही गोष्टी ऐकल्या, काटा उजव्या टोकाला अधिक तीनवर नेला आणि तिथेच ठेवला. आणि जे काही काढायचं ते मधोमध.

पहिला गृहपाठ पक्ष्यांचा होता. लांजेवारांनी आणलेला फोटो म्हणजे जवळजवळ कोरा कागद.

"काका, यात बगळा कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहे नं मॅडम. मधात आहे."

"मला तर नुसती चोच दिसतेय."

"चोच दिसली नं? मंग बगळा कुठं जाते?"

सगळा वर्ग हसला. लांजेवारही हसले, पण काटा काही मागे आला नाही.

पुढे त्यांनी एक काळी चादर बाळगायला सुरुवात केली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या मागे ती धरायची, आणि धरायला जो समोर सापडेल तो. एकदा जरीपटक्याच्या बाजारात त्यांनी भाजीवाल्यालाच चादर धरायला लावली, समोर एकच फुलकोबी. "वर पकड गा जरा. कोबी मधात आली पाहिजे." भाजीवाला वैतागून म्हणाला, "काकाजी, गोभी लेना है, के इसकी शादी लगानी है?" मी पिशवी घेऊन चार पावलं लांब उभा राहिलो, आमची ओळख नसल्यासारखा.

एकदा तर खास एस.टी. पकडून भिवापूरला गेले, वाळत घातलेल्या मिरच्यांचे फोटो काढायला. भिवापूरची मिरची! नुसतं नाव काढलं तरी आमच्याकडे माणसाला ठसका लागतो. यांच्या फोटोत ती लग्नातल्या गुलाबी सरबतासारखी फिकट होऊन आली. मॅडमनी कपाळाला हात लावला. लांजेवार फोटो डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "अजून जरा उजेड पाहिजे होता."

पुष्पाताई मात्र हल्ली दिसत नव्हत्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर काही ना काही निमित्त. माझ्या बायकोनं त्यांच्या नावावर काट मारली होती. "शिष्ट झाली आहे. परवा समोरून गेले तरी ओळख दाखवली नाही," असं ती म्हणायची.

मग माझ्या नातीचं बारसं आलं. पुष्पाताई आल्या नाहीत. लांजेवार आले ते कॅमेरा आणि चादर घेऊन. पाळण्यामागे चादर धरून माझे जावई घामाघूम झाले. संध्याकाळी फोटो माझ्या मोबाइलवर आले, आणि माझं डोकंच फिरलं. सोनेरी काठाचं झबलं गायब, पाळण्यावरची फुलं गायब, पोरीचे गाल गायब. पांढऱ्यात पांढरं, आणि मधे दोन डोळे आणि केस. आज या माणसाला सोडायचं नाही, असं ठरवून मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

दार उघडंच होतं. आत सगळे पडदे ओढलेले, आणि टीव्हीवर, भिंतभर म्हणावी एवढी, माझी नात. पुष्पाताई टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसल्या होत्या. दाराच्या फटीतून पाहावं तशी मान जराशी इकडे, जराशी तिकडे करत त्या काहीतरी शोधत होत्या. लांजेवार मागे उभे होते.

"मधात पाह वं. बरोबर मधात."

"थांबा नं." त्यांची मान एका जागी थांबली. "दिसली! दिसली वं माय! जावळ केवढं आहे पोरीले! अन् नाक पाहा, गुरुजीवर गेलं."

भांडायला गेलेला मी उंबऱ्यातच उभा राहिलो. लांजेवारांनी मला पाहिलं आणि हळूच बाहेर व्हरांड्यात आणलं.

"काचबिंदू आहे जी," ते म्हणाले. "खापरखेड्याले होतो तेव्हापासून. ऑपरेशन झालं, थेंब चालू आहे, पण नस सुकूनच राहिली. कडेची नजर गेली. मधातलं तेवढं दिसते, तेही खूप उजेड असला अन् मांगं काळं असलं तर. कोणाले सांगू नका. लोकाइनं हात धरून चालवलेलं तिले आवडत नाही. ती कुठं जात नाही, म्हणून मीच जाऊन घेऊन येतो."

अंबाझरीचा बगळा, बाजारातली कोबी. आणि भिवापूर तर पुष्पाताईंचं माहेर. मी मोबाइल खिशात टाकला आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, "बोललात का त्यांना?" मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. मला रडू आलं होतं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर वर्गात त्यांच्या फोटोंना कुणी हसलं की माझ्या अंगाची आग व्हायची. पण शब्द दिला होता, म्हणून गप्प बसायचो. पावसाळा गेला, थंडी आली. लांजेवारांचे फोटो आणखी पांढरे होत गेले. "उजेड कमी पडून राहिला जी," ते म्हणायचे, आणि पूर्वी ज्या वाक्यावर मी टाळी द्यायचो, ते आता ऐकवत नसे.

वर्ग संपला तेव्हा आमच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, वस्तीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये. मी गेलो तर लांजेवारांच्या फोटोपुढे ही गर्दी. व्हरांड्यात खुर्चीवर बसून पुष्पाताई मेथी निवडताहेत. उतरतं ऊन त्यांच्या एका गालावर आणि बोटांवर पडलंय. त्या फोटोत एका बाजूला, बाकीचा व्हरांडा रिकामा, सावलीत. मेथीचं पान न् पान दिसत होतं. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. काटा शून्यावर.

"काका, शिकलात शेवटी!" नेहा मॅडमना कोण आनंद झाला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पहिलं बक्षीस. मीही हात वर उचलले आणि ते तसेच राहिले. त्या फोटोचा अर्थ एवढ्या हॉलमध्ये मला एकट्याला कळला होता.

घरी येताना रस्त्यात मी विचारलं, "केव्हापासून?"

लांजेवार काखेत फोटोची फ्रेम धरून चालत होते. "दिवाळीनंतर एक दिवस टीव्हीची वायर लावाचीच राहिली जी. पडदा काळा ठिक्कर. माह्या ध्यानात नाही. मी आपला म्हणून राहिलो, हे पाह वं, तुह्या भिवापूरच्या मिरच्या. तर ती म्हणते, मस्त आल्या, लाल भडक."

"मग?"

"मंग काय? मी वायर लावली नाही. तसाच पुढचं पुढचं दाखवत गेलो. ती छान आहे, छान आहे म्हणत गेली."

"तुम्हाला कळलंय, हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"कायले सांगू? माह्यासाठीच पाहून राहिली नं ती." थोडं चालून ते म्हणाले, "हा एक फोटो मी मले पाहासाठी काढला जी." मग बक्षिसाचा कागद काढून त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. "हे तुमच्याजवळ राहू द्या."

फाटक वाजताच पुष्पाताई दारात आल्या. "आले का? संग गुरुजी आहे वाटते." त्यांनी हात पुढे केला. लांजेवारांनी फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडेवरून बोटं फिरवली, मग फोटो तोंडासमोर धरला आणि मान जराशी इकडे, जराशी तिकडे केली. मी फाटकाकडे पाहत राहिलो.

"त्या दिवशी व्हरांड्यात काढला तोच नं?" त्या म्हणाल्या. "अवो, पांढरी फक्क करून टाकली तुम्ही मले! मॅडम ओरडल्या असन."

लांजेवारांनी माझ्याकडे पाहिलं. "ओरडल्या नं. विचार गुरुजीले."

"खूप ओरडल्या, पुष्पाताई," मी म्हणालो. "हे काका काही सुधारत नाहीत म्हणाल्या."

पुष्पाताई पदर तोंडाला लावून हसल्या. "सांगून सांगून थकली मी. थोडा कमी उजेड टाकत जा म्हणते, तर ऐकतच नाही." आणि भिंतीला बोटं लावत त्या चहा ठेवायला आत गेल्या.

लांजेवारांनी गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. शून्यावरचा काटा एक-एक घर सरकवत त्यांनी उजव्या टोकाला नेला, अधिक तीनवर. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "सकाळी चालता का जी अंबाझरीले? हिच्यासाठी बगळा आणा लागते."