उजेड बाजूला घ्या

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता काशिनाथ भोईर यांनी अंजूरच्या जुन्या विहिरीत लोणच्याची बरणी सोडली. काचेच्या त्या बरणीत फरशीवाले लेव्हल धरायला वापरतात तो हिरवी रेघ मारणारा लेझर होता. समोरच्या काठावरून, बांबूला बांधलेला कॅमेरा एका बंद डब्यातून पाण्यात गेला.

भोईर माझे शेजारी. भिवंडीत पॉवरलूमवर फिटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. काम सुटल्यावर त्यांनी गढूळ पाण्यात बघायचा ध्यास घेतला.

"काल्हेरच्या रस्त्याला धूळ उडाली की ट्रकवाला हेडलाइट लावतो. दिसतं काय? धूळ! दिवा डोळ्याशेजारी असला की मधला गाळच उजळतो. उजेड बाजूला घ्या. बारीक घ्या."

नानांचं हे 'उजेड बाजूला घ्या' पाण्यापुरतं राहिलं नाही. पुतणीच्या लग्नात त्यांनी ते फोटोग्राफरला ऐकवलं. घशात बॅटरी मारणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवलं, तेही तोंड उघडं असताना.

अंगणातल्या ड्रमात ते खाडीचं पाणी भरतात. ते पुरेसं गढूळ नसलं तर दूध ओततात.

"चहाला दूध न्हाय, ड्रमाला हाय!" नानांच्या पत्नी पार्वतीकाकू म्हणतात. "आन् माझी बरणी कधी देताय? कैऱ्या आल्यात."

विहिरीची जागा गोदामासाठी विकली गेली होती. सोमवारी विहीर बुजवणार होते. बांबू धरायला नानांनी मला नेलं.

"नाना, खाली आहे काय?"

"कळशी. हिच्या आईनं लग्नात दिलेली."

"ती तर गंगाबाईंनी नेली ना?"

गावात सगळ्यांना हेच माहीत होतं. कळशी गेली त्या दिवशी विहिरीवर पाण्याला शेवटी गंगाबाई होत्या. तेव्हापासून, तीन घरांवर राहून, काकू आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

"मी पाडली," नाना म्हणाले. "दोर नीट बांधला न्हाय. नवी बायको, हसली असती. म्हटलं, काठावर ठेवलेली, कुणीतरी नेली. हिनं गंगाचं नाव घेतलं. मी गप बसलो."

"मग आता सांगून टाका."

"नुसतं सांगितलं तर म्हणेल, म्हातारा समेट करायला बघतो. रेघ सरकवा."

हिरवी रेघ तळावरून बोट बोट सरकत होती. दर बोटाला एक फोटो. दुपारी नानांनी मोबाइलवर फोटोंतले उजळलेले पट्टे एकाशेजारी एक जोडले. गाळात आडवी पडलेली एक कड दिसली. कडेखाली ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: पार्वती.

गळ टाकून पाहिला. गाळच वर आला.

घरी नानांनी फोटो काकूंपुढे धरला आणि सगळं सांगितलं. काकूंनी फोटो दोनदा पाहिला.

"हसले असते," त्या म्हणाल्या. "एक दिवस हसले असते." मग मोबाइल घेऊन एकट्याच बाहेर पडल्या. तिसऱ्या घराचं दार वाजल्याचं मी ऐकलं. दिवेलागणीला त्या परतल्या.

सोमवारी विहीर बुजवली. कळशी आतच आहे. बरणी गंगाबाईंच्या घरी आहे, कैरीच्या लोणच्याने गळ्यापर्यंत भरलेली.