मऊ नातेवाईक

"हं."

म्हातारे डॉक्टर रुग्णाचा हात कोपरात वाकवून पाहत आणि एवढंच म्हणत. काकूंच्या कानात तो आवाज अजून आहे. स्नायूंची ताठरता मोजायचं त्या काळी हेच माप होतं. आखूड 'हं' म्हणजे ठीक, लांब 'हं' म्हणजे काळजी, आणि 'हं' म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, तर नातेवाइकांनी काय ते ओळखायचं.

शास्त्राला असला गलथानपणा खपत नाही. म्हणून इस्पितळात सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं. त्याचं थंडगार टोक दंडावर टेकवलं की पडद्यावर रंग उमटतात: मऊ स्नायू निळा, ताठ स्नायू लाल. रुग्णाला काय वाटतं हे विचारत बसावं लागत नाही.

काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात आखडला, मूठ वळली ती वळलीच. रोज सकाळी काकू एकेक बोट गोंजारत उलगडत आणि ओल्या फडक्याचं टोक आत सारून तळवा पुसत. आता नखं रुतून तिथे जखम चिघळू लागली होती. हात सैल करणारं इंजेक्शन मिळायलाच हवं होतं.

नियम सोपा होता. ताठ कशाला म्हणायचं हे ठरवायला निरोगी नमुना लागतो. तो सोबतच्या नातेवाइकाचा घ्यावा (नाहीतरी तो बाकावर रिकामाच बसलेला असतो). रुग्ण त्याच्याहून दीडपट ताठ निघाला, तरच इंजेक्शन.

घड्याळजी लाल निघाले. मग काकू आडव्या झाल्या. त्या जास्त लाल निघाल्या.

"काकू, हात सैल सोडा ना," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

"सोडलाय की."

"हा सोडलेला?"

"ह्याहून सैल मला येत नाही, बाळा."

विभागप्रमुखांनी चित्र पाहिलं. यंत्र चुकणं शक्य नव्हतं. ते नवं होतं. यजमानांना उचलणारा, न्हाऊ घालणारा, कुशीवर वळवणारा हा दंड नियमानुसार निरोगी होता. रुग्ण त्याहून मऊ, सबब रुग्ण बरा. त्यांनी घड्याळजींचं अभिनंदन केलं. काकूंना मात्र आपल्या दंडाची अशी लाज वाटली, जणू नवऱ्याचं औषध त्यानेच हिसकावलं.

"साहेब, ह्यांच्या जखमेचं काय?"

"पुढच्या वेळी जरा मऊ नातेवाईक आणा."

नात्यात तसे एकच होते: धाकटे दीर. सुट्टीच्या दिवशी येऊन भावाच्या उशाशी बसत, हळहळत, चहा घेऊन जात (कप वहिनी उचलत). त्यांचा दंड पडद्यावर पहाटेच्या तळ्यासारखा निळा उमटला, एक तरंग नाही. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तो दाखवण्यात आला. इंजेक्शन तत्काळ मंजूर झालं.

"बघा वहिनी," बाही खाली ओढत दीर म्हणाले, "शेवटी माझाच हात कामी आला!"

काकू त्या निळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे दुखतात हो भाऊजी. दोन्ही. पहिल्या दिवसापासून दुखतात. उद्यापासून ह्यांना तुम्ही उचला."

या वाक्याचा पडद्यावर कुठलाच रंग उमटला नाही, त्यामुळे विभागाने त्याची दखल घेतली नाही.

आपण हे निवांत वाचत बसला आहात, त्या अर्थी आपला दंड छान निळाच असणार. कोणाच्या जिवावर, ते कळायला घरात एकदा 'काही दुखतंय का?' असं विचारून पाहा. जिच्याकडून 'काही नाही हो' असं उत्तर येईल, तीच.