मधल्या खांबाचा नवस

सोमवारी रात्री मोठेबाबा वारले. मंगळवारी नाल्याच्या पुलाखाली रोजचा दगड पडला नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नाचणगावच्या पुढे त्यांची वांगी-कोबीची दीड एकराची बाग होती, पण लक्ष सगळं वाटेवरच्या पुलावर. माणूस भेटला तरी ते तोंड बघत नसत, पाय बघत. "बूड पाहा, बाप्पा! वरचं काय, रंग मारला का चमकते." मला पाहायला आलेला एक मुलगा त्यांनी चपलेची टाच एकाच बाजूला झिजली म्हणून परत धाडला.

पुराचं पाणी मधल्या खांबावर आपटून गरगर फिरतं आणि बुडाची रेती उपसतं, हे त्यांनी बांबू रोवून मोजलं होतं. अर्ज केले. साहेब आले, कठड्यावरून वाकून गेले. "वरून पाह्यलं! खड्डा खाली हाये ना!" तेव्हापासून शेतातून येताना रोज एक दगड ते खांबाशी टाकत. गोटा चालत नसे. कोनाचा, दुसऱ्यात अडकून बसणारा हवा.

गावाला वाटलं, नवस आहे. बायकांनी खांबाला शेंदूर फासला आणि आपापले दगड आणू लागल्या. मी म्हटलं, "खरं सांगा ना त्यांना."

"काऊन सांगू? दगड येऊन राह्यले ना!"

एकीला मात्र त्यांनी अडवलं. "सूनबाई, काय मागतलं?"

"पोराले नोकरी."

"अन् दगड एवढासा? हा पहिल्या पुरात चंद्रपूरले जाईन. नोकरीले दोन हातांचा आणजो."

एका पावसाळ्यात दगड सरकू लागले. मोठेबाबांनी बागेचं जाळीचं कुंपण काढलं आणि दगड त्यात बांधून खांबाशी बसवले. आठवड्यात रानडुकरांनी कोबी फस्त केली. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, कडाडली, "पुलाले कुंपण अन् कोबीले डुकरं! पूल शिजवू का आता?"

मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "कोबी पुन्हा लावता येते."

मी पुलगावला वाचनालयात काम करते आणि संध्याकाळच्या एसटीने त्याच पुलावरून परतते. पावसाळ्यात ते काठावर बांबू धरून उभे दिसत. बसमधले हसत. मी पुस्तकात डोकं घालत असे.

तेरवीला पुलाजवळचा चहावाला आला. ताट समोर आल्यावर त्याने मला हाक मारली. मग म्हणाला, "ताई, पाणी मोजाले किती वेळ लागते? मोठेबाबा तासभर उभे राहत. तुमची बस पार झाली, का मंगच बांबू उचलत."

बांबू आता आमच्या पडवीत टेकवून ठेवला आहे. जाळीतले दगड जागेवर आहेत. बस साडेपाचला पुलावरून जाते.