विकू नका म्हणणारे नरसय्याकाका

जुनी सायकल घ्यायला जाताना सोबत कुणाला न्यावं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी नरसय्याकाकांना नेलं. सायकल पारखायला न्यावं आणि त्यानं विकणाऱ्यालाच पटवून द्यावं की बाबा, ही विकू नको, असा माणूस जगात एकच असेल. तो नेमका आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो.

काकांचा जन्म यंत्रमागावर गेला. चादरी विणता विणता चाळीस वर्षं गेली आणि त्या खडखडाटात कानही गेले. पण त्यांना ऐकू येत नाही ते माणसांचं. लोखंडाचं सगळं येतं. काकूंनी चहाला चार हाका मारल्या तरी पत्ता नसतो, आणि गल्लीतून कुणाची स्कूटर गेली की आतून आवाज येतो, "नट ढिला हाय." स्वतःला ऐकू येत नाही म्हणून बोलणं सगळं ओरडून. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि नकार द्यायचा असला की दोन्हीकडे "वद्दु". वद्दु म्हणजे नको.

मला हवी होती तीस वर्षांपूर्वीची माउंटन बाइक. आडवी दांडी, जाड टायर, आणि स्प्रिंग अजिबात नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, वय सेहेचाळीस, डोंगराशी माझा काही संबंध नाही. पण अशी एक लाल सायकल माझ्या भावाला मिळाली होती आणि मला मिळाली होती पुढं टोपली असलेली गुलाबी. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि जाऊ द्यायचा माझा विचारही नाही. फक्त सगळं सहा हजारांत बसवायचं होतं.

हे मी काकांना तीनदा ओरडून सांगितलं. ते खूश झाले. "बरोबर हाय तुमचं, बाई. स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे नुसतं वजन. रंग बघू नका, गिअर बघू नका. सांगाडा बघायचा. बाकीचं सगळं बदलता येतंय की."

पहिली सायकल सोलापुरातच, सात रस्त्याजवळच्या एका दुकानात बघितली. निळी, चकचकीत. मी लगेच भाळले. काकांनी खिशातून एक जुना रुपया काढला, डोळे मिटले आणि दांडीवर टकटक करत निघाले. टण, टण, टण, आणि जोडापाशी थप्प. "आतनं गंजलीय. वरनं पुट्टी भरून रंग मारलाय," त्यांनी रस्त्यापलीकडच्या लोकांनाही कळेल अशा आवाजात सांगितलं. दुकानदाराचा चेहरा उतरला, तरी काकांना माप घ्यायचंच होतं. "बाई, दांडीवर पाय टाकून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यात चार बोटं जागा पायजे." भर चौकात मी ओढणी सावरत उभी राहिले. काका सभ्य माणूस, त्यांनी पाठ फिरवली आणि तसंच ओरडून विचारलं, "हाय का जागा?" सिग्नलला थांबलेल्या दोन रिक्षा उत्तरासाठी थांबून राहिल्या.

वाईट सायकल अशी सुटायची. खरी अडचण चांगल्या सायकलीची होती. जुळे सोलापुरात एका निवृत्त कारकुनांची सायकल निघाली. रुपया शेवटपर्यंत टणटणला. काकांनी चाक उचलून फिरवलं, कडेजवळ अंगठ्याचं नख धरलं, चाक कुठंही नखाला लागलं नाही, म्हणजे वाकडं नव्हतं. मी पर्स उघडली. काका त्या कारकुनांकडे वळले. "कशाला विकताय हो? असला सांगाडा आता कुटं मिळतोय? वद्दु, वद्दु. विकू नका." पंधरा मिनिटांत त्या गृहस्थांचे डोळे पाणावले, सायकल घरात गेली आणि आम्हाला पोहे मिळाले.

अकलूजला तर कहर झाला. तिथल्या साखर कारखान्यातल्या एका फिटरची सायकल, ब्रेक अजिबात लागत नव्हते. काकांनी अंगणातच बसून तासाभरात ते दुरुस्त केले. फिटरनं एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, "लई भारी चालती की आता. राहू द्या, मीच वापरतो." काका इतके आनंदले की त्यांनी त्याला मिठी मारली.

परतीच्या एसटीत माझा संयम संपला. "काका, मला सायकल मिळवून द्यायचीय की गावाच्या सायकली वाचवायच्यात? उद्यापासून मी एकटी जाणार," मी म्हणाले. नेमकं तेवढं त्यांना ऐकू गेलं. पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी दारात उभे, हातात चिठ्ठी. "मोडनिंबला एक हाय म्हणतेत. यावेळी मी तोंड उघडत न्हाय."

मोडनिंबचे रसूलभाई पूर्वी ट्रक चालवायचे. सायकल त्यांच्या मुलाची. तो आता नोकरीला परदेशात. सायकल गोठ्यात धुळीनं माखलेली, पण लाल. रुपया वाजला. असा स्वच्छ आवाज मी तोवर ऐकला नव्हता. काकांनी ओठ घट्ट मिटले. माझ्याकडे बघितलं. मग राहवलं नाहीच. "रसूलभाई, पोराची हाय. विकू नका."

मी पर्सची चेन लावून टाकली. पण रसूलभाई काकांच्या कानाशी येऊन म्हणाले, "आठ साल से खडी है, चाचा. रोज देखके जी जलता. चलने की चीज है, उसको खडी नक्को रखना." मग माझ्याकडे वळून विचारलं, "चलवणार ना, बाई? रोज?"

"रोज," मी म्हणाले.

काकांनी दांडीवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "मग द्या बाईंना."

सायकल घेऊन आम्ही डाळिंबाच्या टेम्पोत मागे बसून निघालो. काकांनी हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. टेंभुर्णीकडून येणारे ट्रक धडाडत बाजूनं जात होते आणि काका पहिल्यांदाच हळू बोलले. मला कान जवळ न्यावा लागला.

"माझे घरचे दोन माग होते, बाई. भंगारात घातले. विकताना वाटत होतं, कोन तरी म्हणंल, नरसय्या, विकू नको. वाट बघितली मी. कोन म्हटलं न्हाय." मग म्हणाले, "दारातच फोडले भंगारवाल्यांनी घणानं. एक तर पयल्या घावाला फुटलाच न्हाय. चांगला होता की."

मीही हँडलला हात लावून बसले.

आता रोज सकाळी मी लाल सायकलवरून शाळेला जाते. दुसरा रस्ता जवळचा आहे, पण काकांच्या दारावरूनच जाते. ते आतून ओरडतात, "चालतीय का?" मी ओरडते, "चालतीय, काका." माझं उत्तर त्यांना ऐकू जात नाही, हे मला माहीत आहे. चाकाचा आवाज जातो.