गुलाबरावांची चिमटी

माझ्या पदराला बिनदिक्कत हात लावणारा परका पुरुष आयुष्यात एकच भेटला, तो म्हणजे आमचे शेजारी गुलाबराव. माझ्या यजमानांनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही, कारण ते समोर असले की गुलाबराव त्यांच्या सदऱ्याची बाही धरत. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कापड धरायचं, डोळे मिटायचे, किंचित चोळायचं आणि निकाल सांगायचा. "फसवलं वं बाई तुले. हे सूत नाही, सुताचं सोंग हाये." पोस्टमन, डॉक्टर, लग्नातला नवरदेव, कोणी सुटत नसे. एकदा गणपतीचं उपरणं चोळून त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर झापलं होतं.

गांधीबागेच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. कृत्रिम धाग्याचं टेरेलिन आलं आणि अख्खा बाजार त्याच्या मागे धावला, पण गुलाबरावांनी ते दुकानात येऊ दिलं नाही. "त्याले कापड म्हणून नका राहू. घाम पीत नाही ते." त्यांचं बरोबर असेल, गिऱ्हाईक मात्र शेजारच्या दुकानात गेलं. हळूहळू देणं इतकं वाढलं की वसुलीवाले ओट्यावर ठाण मांडून बसू लागले. गुलाबराव त्यांना चहा पाजत आणि त्यांच्या बाह्या चोळत.

एका रविवारी मी त्यांना स्वच्छ सांगितलं, आता वकील गाठायचा. मी शाळेत गणित शिकवते. जे सुटत नाही ते कागदावर मांडावं, एवढं मला कळतं. गुलाबराव एकदम खुलले. एखाद्या मुलीसाठी स्थळ पाहायला निघावं तसा त्यांनी इस्त्रीचा अंगरखा घातला, कपाळाला गंध लावलं, आणि आम्ही रिक्षाने निघालो. खोटं कशाला बोलू, मलाही भलताच उत्साह आला होता.

पहिले वकील सदर भागातले. मोठं ऑफिस, मोठा पंखा, मोठी फी. ते बोलत असतानाच गुलाबरावांनी टेबलावरून वाकून त्यांच्या कोटाची बाही धरली. खाली आल्यावर म्हणाले, "वरून लोकर, आत अस्तर हलकं. मले नाही पाहिजे." दुसऱ्यांचा कोट टेरेलिनचा निघाला. गुलाबराव खुर्चीत टेकलेसुद्धा नाहीत. मी संतापले. कोटावरून वकील निवडतात का, असं विचारलं, तर म्हणाले, "मंग कायच्यावरून निवडावा? अक्कल काही चिमटीत धरता येत नाही."

तिसरे वकील कोर्टाजवळच्या एका चिंचोळ्या खोलीत बसत. त्यांच्या कोपरावर रफू होतं. गुलाबरावांनी ते चोळलं आणि डोळे मिटूनच म्हणाले, "हा माणूस फाटलेलं टाकत नाही. हाच."

वकीलपत्रावर सही झाल्यावर वकीलसाहेब हसत म्हणाले की कोट मेहुण्याचा आहे, त्यांचा स्वतःचा धोब्याकडे गेलाय. गुलाबरावांचं तोंड उतरलं. पण माणूस फार चांगला निघाला. शिव्या न घालता, न घाबरवता त्यांनी सगळं समजावून सांगितलं. देणं फेडण्याची ऐपत उरली नाही, असा अर्ज जिल्हा कोर्टात करायचा. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून सगळ्यांना हिशेबाप्रमाणे वाटतो. अमक्याला आधी, तमक्याला नंतर, असं चालत नाही. गुलाबरावांना चहावाल्याचं आधी फेडायचं होतं, तेही बारगळलं. नेसते कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी यांना कोणी हात लावत नाही. वागणूक सरळ असेल तर पुढे कोर्ट उरलेल्या देण्यातून मोकळंही करतं.

"फक्त काही लपवू नका," वकील म्हणाले. "एक रुमाल जरी लपवलेला निघाला तरी तुम्ही लबाड ठरता. मग सुटका विसरा."

येताना रिक्षात मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, काही लपवलंय का? ते म्हणाले, "माह्याजवळ लपवण्यासारखं काय हाये वं बाई?"

कोर्टाने नादार ठरवल्यावर रिसीव्हर यादी करायला गुलाबरावांच्या घरी आले, त्या दिवशी मी शाळेतून रजा काढली होती. वकील होते, आणि गांधीबागेतला एक ठोक व्यापारी होता, ज्याचं गुलाबरावांकडे सगळ्यात जास्त येणं होतं. थंडीचे दिवस. घरात होतं काय? स्टोव्ह, चार भांडी, एक खाट. कारकुनाने उशी उचलली आणि खालून घडी निघाली. जांभळं लुगडं, रेशमी काठाचं, अस्सल नागपुरी.

व्यापाऱ्याने ते उलगडून सगळ्यांसमोर धरलं. "घरात बाईमाणूस नाही. मंग हे कोणाचं? दुकानातला माल दाबून ठेवला गा यानं."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबरावांकडे. सगळं केलेलं काम पाण्यात चाललं होतं, आणि गुलाबराव खाली मान घालून उभे होते.

मग ते पुढे झाले. लुगडं व्यापाऱ्याच्या हातातून घेतलं आणि त्याचं टोक रिसीव्हरसमोर धरलं.

"साहेब, जरा चिमटीत धरून पाहा. नव्या मालाले खळ असते. याची खळ कवाचीच गेली. माही मंडळी वारली तवापासून मी हेच पांघरून राहिलो."

रिसीव्हर करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी अंगठा आणि तर्जनी पुढे केली, ते टोक धरलं, हळूच चोळलं. त्यांचे डोळे मिटले नाहीत, पण कापड सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

"पांघरूण, एक," ते कारकुनाला म्हणाले. "यादीतून वगळा."

व्यापारी दाराकडे वळला. रिसीव्हरही निघाले आणि उंबऱ्यात अडकल्यासारखे थांबले. त्यांची बाही गुलाबरावांच्या चिमटीत होती.

"टेरेलिन हाये साहेब," गुलाबराव डोळे मिटून म्हणाले. "घरी गेल्यावर काही दुसरं घाला. याले ऊब नसते."